बर्गेन ते किर्केनेस आणि परत: जाताना एक कंपनी, येताना दुसरी

नॉर्वेच्या किनाऱ्याने बर्गेनहून किर्केनेसला रोज एक बोट सुटते. बारा महिने, ३४ बंदरं घेत. पूर्वी हा मार्ग एकट्या हुर्टिग्रूटनचा होता. २०२१ पासून सरकारी कंत्राट दोन कंपन्यांत वाटलेलं आहे: अकरा बोटींपैकी सात हुर्टिग्रूटनच्या, चार हाविलाच्या. बंदरं तीच आणि वेळापत्रकही तेच, कारण ते कंत्राटातच लिहिलेलं आहे. त्यामुळे दोन्ही कंपन्यांची माहितीपत्रकं समोर ठेवून बंदरांची यादी ताडून बघण्यात वेळ घालवू नये. फरक आहे तो बोटीत, ताटात आणि डेकवर.

पूर्ण फेरी बारा दिवसांची असते आणि अकरा बोटींचं चक्र अकरा दिवसांचं. म्हणजे दर अकरा तारखांपैकी चार हाविलाच्या. रजा आधी पक्की केली तर कंपनी तुम्ही निवडत नाही, तारीख निवडते. दोन-चार दिवस मागेपुढे करता येत असतील तरच निवडीला अर्थ आहे.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तरेकडे हुर्टिग्रूटनच्या ‘कोंग हाराल्ड’ने जायचं, किर्केनेसला दोन रात्री राहायचं आणि हाविलाच्या ‘कास्तोर’ने दक्षिणेकडे यायचं, असा बेत ठरला. दोन्ही कंपन्या एकेरी तिकीट देतात. तोटा एकच: ‘नॉर्दर्न लाइट्स (उत्तरेच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत प्रकाश) दिसले नाहीत तर पुढची सफर फुकट’ हे हिवाळ्यातलं वचन एकाच कंपनीच्या पूर्ण फेरीला लागू होतं, अशा जोडतिकिटाला नाही.

दिवस पहिला: बर्गेन

विमानतळावरून ट्राम पाऊण तासात गावात आणते. तिथून नोस्टेटचा बोटीचा धक्का पायी वीस मिनिटांवर आहे. बोट रात्री साडेआठला सुटते, पण सामान दुपारीच देऊन मोकळं होता येतं. बर्गेनला पाऊस होताच. इथे छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं, वाऱ्यात छत्री टिकत नाही.

धक्क्यावर नाशिकचं एक निवृत्त जोडपं भेटलं. त्यांच्या दोन बॅगांपैकी एक मधल्या विमानतळावरच राहिली होती आणि ती थेट तिसऱ्या दिवशी ट्रॉनहाइमला त्यांच्या हाती आली. काकूंनी लोकरीच्या कपड्यांचा एक जोड, औषधं आणि जाड मोजे हातातल्या पिशवीत ठेवले होते, म्हणून दोन दिवस निभावले. बर्गेनला आदल्या रात्रीच पोहोचा. बोट कुणासाठी थांबत नाही. चुकलीच तर विमानाने दुसऱ्या दिवशी ओलेसुंड गाठून ती पकडता येते. हिवाळ्यात ती तिथे दिवसभर उभी असते.

खाण्याच्या सामानाबद्दल एक महत्त्वाचं: युरोपबाहेरून नॉर्वेत मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या घरीच ठेवाव्या लागतात. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तेलावरचे ठेपले चालतात.

दिवस दुसरा: ओलेसुंड

पहाटे बोट स्टाडचं भूशिर ओलांडते. इथे बेटांचा आडोसा नाही, उघडा समुद्र लागतो. या मार्गावर अशा पाच-सहा जागा आहेत आणि त्या माहीत असल्या की अर्धा त्रास वाचतो: पहिल्या रात्री स्टाड, दुसऱ्या रात्री मोल्डेनंतरचं हुस्टाडविका, तिसऱ्या संध्याकाळी फोल्ला, चौथ्या दुपारी वेस्टफ्योर्ड, पाचव्या रात्री लोपहाव्हेट आणि सहाव्या दिवशी हॉनिंग्सवोगनंतरचा बॅरेंट्स समुद्र. ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी या टप्प्यांच्या तासभर आधी घ्यावी. पोट ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी उशीरच करते. केबिन घेताना बोटीच्या मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी, नाकाडावरची नको. दोन्ही कंपन्यांना हे सारखंच लागू आहे.

ओलेसुंडला सकाळी पावणेदहा ते रात्री आठ इतका वेळ मिळतो. २३ जानेवारी १९०४ च्या आगीत हे गाव जळालं आणि १९०७ पर्यंत सगळं एकाच शैलीत उभं राहिलं, म्हणून रस्त्यामागून रस्ता वेलबुट्टीच्या, मनोऱ्यांच्या घरांचा. आक्सला टेकडीच्या ४१८ पायऱ्या चढलं की बेटांवर पसरलेलं सगळं गाव दिसतं. मार्चमध्ये पायऱ्यांवर बर्फाचा काचेसारखा थर असतो. बुटांना अडकवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे बर्गेनच्या खेळसामानाच्या दुकानात घेऊन ठेवले नाहीत, तर इथे आणि पुढे ट्रॉम्सोला पाय घसरणार.

दिवस तिसरा: ट्रॉनहाइम आणि रोर्विक

ट्रॉनहाइमला तीन तास मिळतात. निदारोस कॅथीड्रल धक्क्यापासून पायी अर्ध्या तासावर आहे. संत ओलाव्हच्या थडग्यावर १०७० च्या सुमाराला बांधायला घेतलेली ही इमारत. जाताना सरळ जा, येताना १८६१ च्या लाकडी पुलावरून बाकलांडेटच्या बाजूने या. तिथली घरं नदीत खांब रोवून उभी आहेत.

बोटीवरचं जेवण इथवर अंगवळणी पडतं. हुर्टिग्रूटनवर सकाळ-दुपार मांडलेलं जेवण असतं: आपण उठायचं, हवं ते वाढून घ्यायचं. रात्री ठरल्या वेळेला टेबलावर तीन पदार्थ येतात. शाकाहारी माणसाला सकाळ-दुपारचा प्रकार फार सोयीचा. राईचा पाव, उकडलेले बटाटे, बीट, काकडी, चीज, फळं असं समोर दिसत असतं, विचारावं लागत नाही. तपकिरी गोड चीज म्हणजे ब्रूनोस्ट. त्याची चव आटवलेल्या दुधाच्या खरपुडीची आठवण करून देते. रात्रीचं शाकाहारी जेवण मात्र तिकीट काढतानाच कळवायचं आणि बोटीवर पहिल्या दिवशी उपाहारगृहाच्या मुख्य माणसाला पुन्हा सांगायचं. ‘मासेही नाहीत’ हे वेगळं सांगावं, कारण या किनाऱ्यावर मासे न खाणारा माणूस लोकांना सहज सुचत नाही. कांदा-लसूण टाळणाऱ्यांनी वरण-भाताची तयार पाकिटं जवळ ठेवावीत आणि गरम पाणी उपाहारगृहातून मागून घ्यावं.

रात्री नऊच्या पुढे रोर्विकला उत्तरेकडे जाणारी आणि दक्षिणेकडे येणारी अशा दोन्ही बोटी जवळपास एकाच वेळी लागतात. त्या रात्री समोर हाविलाची बोट होती. एका धक्क्यावर दोन पिढ्या दिसल्या: एक १९९३ ची, १२२ मीटर लांबीची, गोल कडांची; दुसरी जवळपास तेवढ्याच लांबीची, पण उभ्या नाकाची आणि मोठ्या काचांची. तीस वर्षांत बोट बांधायची रीत किती बदलली ते शेजारी-शेजारी बघायला यापेक्षा चांगली जागा नाही.

दिवस चौथा: आर्क्टिक वर्तुळ, बोदो, लोफोटेन

सकाळी सातच्या सुमाराला वर्तुळ ओलांडलं जातं. विकिंगेन नावाच्या बेटावर पृथ्वीगोलाची खूण आहे. डावी बाजू-उजवी बाजू करत सगळे धावतात. भोंग्यावर सांगतात तिकडे जावं. नंतर डेकवर समुद्रदेवाचं सोंग घेतलेला माणूस येतो आणि डावभर बर्फ मानेतून आत सोडतो. अंगावर जुनं, लवकर वाळणारं काहीतरी घालून जावं.

बोदोला तीन तास. गावातल्या बेकरीत मोस्ब्रोमलेफ्से मागा: पातळ मऊ पोळी, तिच्यावर ब्रूनोस्टचा दाट गोड सॉस आणि आंबट साय, घडी घालून गरम वाढलेली. ती या साल्टेन भागातलीच आहे, शाकाहारी आहे आणि एकीत पोट भरतं. पण पुढे वेस्टफ्योर्ड आहे हे लक्षात ठेवून अर्धीच खा.

बोदो सोडल्यावर चार तास उघडं पाणी. हवा स्वच्छ असेल तर समोर लोफोटेनची भिंत उभी राहते: शंभराहून जास्त किलोमीटरची डोंगररांग, पाण्यातून सरळ वर. त्या दिवशी ती आधी ढगाच्या एका रेघेसारखी होती, मग एकेक सुळका वेगळा झाला आणि सूर्य कलताना बर्फ गुलाबी पडला. डेक पाचवर बोटीभोवती फिरता येईल असा लाकडी रस्ता आहे. नव्वदच्या दशकातल्या हुर्टिग्रूटन बोटींची ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. वारा एका बाजूने आला की दुसऱ्या बाजूला आडोशाला उभं राहता येतं. या रस्त्यामुळेच एक गोष्ट सांभाळायची: डेक पाचवरच्या केबिनच्या खिडकीसमोरून दिवसभर लोक जात असतात, आणि डेक सहावर मध्यभागी काही खिडक्यांपुढे जीवरक्षक होड्या टांगलेल्या आहेत. ‘समुद्र दिसणारी’ आणि ‘समुद्र पूर्ण दिसणारी’ या दोन वेगळ्या श्रेणी आहेत, नकाशावर केबिनचा क्रमांक बघूनच पैसे भरा.

रात्री सव्वानऊला स्वोल्वेअर. जानेवारी ते एप्रिल इथे स्क्राइ म्हणजे अंडी घालायला बॅरेंट्स समुद्रातून येणाऱ्या कॉड माशाचा हंगाम असतो. धक्क्यापासून थोडं चाललं की लाकडी मांडवांवर जोडीजोडीने शेपटीला बांधून टांगलेले मासे दिसतात. मीठ नाही, धूर नाही. फक्त थंड वारा आणि तीन-एक महिने. वर्सोव्याच्या किंवा अर्नाळ्याच्या बोंबलाच्या वलांडी ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे काही शिकवावं लागत नाही. एक जण मांडवाखाली थांबून वास घेत होता. मूळचा वसईचा कोळी, आता स्टाव्हांगरला तेलाच्या क्षेत्रात नोकरीला. म्हणाला, “आपल्याकडे दोन-चार दिवसांत कडक होतात, पण पाऊस आला की सगळं गेलं. इथे थंडीच राखणदार.” राखण थंडीची आहे हे शब्दशः खरं आहे: तापमान शून्याच्या आसपास असल्यामुळे माश्या नसतात आणि मासा कुजत नाही. फार गोठला तर मात्र आतले धागे फाटतात आणि प्रत उतरते. म्हणून आणखी उत्तरेला, जिथे थंडी जास्त, तिथे हा माल इतका चांगला होत नाही.

दिवस पाचवा: ट्रॉम्सो

हार्स्टाडला सकाळी एक आजी चढल्या, चाकांची पिशवी आणि कागदात गुंडाळलेलं फुलझाड घेऊन. फिन्स्नेसला मुलीकडे चालल्या होत्या. केबिन नाही, खिडकीजवळची खुर्ची आणि विणकाम. ही सहलीची बोट आहे हे विसरायला लावणारी अशी माणसं प्रत्येक बंदरात चढतात-उतरतात. खाली बाजूच्या दारातून फोर्कलिफ्ट मासे, पाव, यंत्रांचे सुटे भाग आतबाहेर करत असतो. मुंबईहून रत्नागिरी, देवगड, मालवणकडे जाणारी कोकणबोट ज्यांच्या घरातल्या थोरांनी पाहिली त्यांना हे ओळखीचं वाटेल. कप्तान रिचर्ड वित याने २ जुलै १८९३ ला ‘वेस्टेरोलेन’ ही बोट ट्रॉनहाइमहून हामरफेस्टला काढली, ती टपाल आणि माल हिवाळ्यातल्या अंधारातही वेळेवर पोचावा म्हणून. होकायंत्र, घड्याळ आणि प्रत्येक वळणाच्या टिपून ठेवलेल्या वेळा यांच्या जोरावर तो ते करू शकला.

ट्रॉम्सोला सव्वादोन ते सव्वासहा. क्रम असा ठेवला तर सगळं बसतं: आधी २६ नंबरच्या बसने केबलकारला (चार मिनिटांत ४२१ मीटर वर), मग उतरून १९६५ चं आर्क्टिक कॅथीड्रल, मग एक किलोमीटरहून थोड्या जास्त लांबीच्या पुलावरून चालत परत. उलट क्रमाने गेलं तर केबलकारची रांग गळ्याशी येते. स्वतःच्या जबाबदारीने फिरताना निदान अर्धा तास हातात ठेवा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, आपल्याला झाला तर नाही.

त्या रात्री पावणेनऊला भोंगा वाजला. नॉर्दर्न लाइट्स आधी डोळ्यांना राखाडी ढगासारखे दिसतात, मग त्या ढगाला कड येते आणि तो हलायला लागतो. शिकवण्या पुष्कळ मिळतात, कामाच्या एवढ्याच:

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, दर मिनिटाला फोनचा पडदा पाहू नये. तिकाटणं निरुपयोगी, कारण बोटच थरथरते. कॅमेरा कठड्याला न टेकता छातीशी धरावा आणि एक्स्पोजर एक ते तीन सेकंदांच्या वर जाऊ नये. भिंगाचं छिद्र एफ २.८ वर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००. फोन असेल तर रात्रीचा मोड, तीन सेकंद. फ्लॅश बंद, हे विनवून सांगावंसं वाटतं. एका फ्लॅशने शेजारच्या वीस जणांचे डोळे पुन्हा पहिल्यापासून सरावावे लागतात. लाइट्सच्या अंदाजाचा आकडा (केपी निर्देशांक) कमी आहे म्हणून केबिनमध्ये बसू नये: ट्रॉम्सो लाइट्सच्या पट्ट्याखालीच आहे, इथे तो १ किंवा २ असला तरी पुरतो. आडवे येतात ते ढग. बोटीचा फायदा हाच की ती रात्रभर ढगांखालून पुढे सरकत असते.

दिवस सहावा: हॉनिंग्सवोग आणि नॉर्डकाप

अकराच्या सुमाराला हॉनिंग्सवोग. नॉर्डकापचा ३०७ मीटरचा कडा ७१ अंश १० मिनिटं उत्तरेला आहे, धक्क्यापासून बसने चौतीस-एक किलोमीटर. स्वतः गाडी करून जाण्याचा विचार हिवाळ्यात सोडा. स्कार्सवोग फाट्यापासून शेवटचे तेरा किलोमीटर रस्त्याला फाटक लागतं आणि बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे सगळ्या गाड्या रांगेने सोडतात, ठरल्या वेळांनाच. वारा वाढला की फाटक बंद. बोटीची सहल त्या वेळांना जुळवलेली असते, म्हणून इथे पैसे बोटीच्या सहलीलाच द्यावेत. कड्यावर वारा इतका होता की उभं राहण्यासाठी पुढे झुकावं लागत होतं. पातळ हातमोजे आत आणि जाड बाहेर अशी जोडी असेल तरच फोटो काढता येतात.

पुढे मेहामनला बोट धक्क्याला लागलीच नाही. लाटा आत येत होत्या, कप्तानाने दोनदा अंदाज घेतला आणि बाहेर काढली. इथे उतरणारे चार जण बेर्लेवोगला उतरले आणि तिथून रस्त्याने गेले. ही उत्तरेची छोटी बंदरं हिवाळ्यात अधूनमधून गळतात, त्यासाठी राग धरू नये. बेर्लेवोगचा बांध बघण्यासारखा आहे: मरीन ड्राइव्हवर समुद्राला अडवायला टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे टेट्रापॉड तिथेही आहेत, फक्त बर्फाने मढलेले.

दिवस सातवा आणि आठवा: किर्केनेस

किर्केनेस इस्तंबूलपेक्षाही पूर्वेला आहे. रशियाची सीमा पंधरा किलोमीटरवर, रस्त्यांच्या पाट्यांवर नॉर्वेजियनखाली रशियन अक्षरं. किनाऱ्यावर शून्याच्या आसपास असणारं तापमान इथे फ्योर्डच्या (डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या) टोकाला उणे सोळा होतं, तेव्हा मधल्या थरात जाड लोकर हवीच. राजखेकडे गोठलेल्या फ्योर्डमध्ये भोक पाडून पिंजऱ्यातून काढतात. हा खेकडा मूळचा इथला नव्हे. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात तो कामचाटकाकडून आणून बॅरेंट्स समुद्रात सोडला आणि तो पश्चिमेकडे सरकत आला. दाखवणारा म्हणाला, सुरुवातीला तो जाळी फाडायचा म्हणून शिव्या खायचा, आता त्याच्यावरच घर चालतं. नुसत्या खाऱ्या पाण्यात उकडलेला पाय, लिंबू, पाव. गोडसर मांस, चिंबोरीपेक्षा जाड धाग्याचं.

दिवस नववा: ‘कास्तोर’वर

दुपारी साडेबाराला हाविलाची बोट निघाली. पहिला फरक कानाला कळतो: इंजिन द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतं आणि सोबत ६.१ मेगावॅट-तासांचा बॅटरीसंच आहे, त्याच्या जोरावर शांत पाण्यात चार तास धूर न काढता जाता येतं. धक्क्याला लागताना थरथर जाणवत नाही. केबिन मोठ्या, न्हाणीघर ऐसपैस, लिफ्ट रुंद. गुडघे दुखणाऱ्या किंवा चाकाची खुर्ची लागणाऱ्या माणसासोबत जात असाल तर दुसरा विचार न करता ही बोट घ्या.

वार्डोला तासभर. ९१ माणसांना इथे चेटूक केल्याच्या आरोपावरून मारलं गेलं. त्यांचं २०११ चं स्मारक किनाऱ्यावर आहे: १२५ मीटर लांब काळा बोगदा, ९१ छोट्या खिडक्या, प्रत्येकीत एक दिवा आणि त्या माणसाच्या खटल्याच्या ओळी. उतरल्या-उतरल्या भरभर चालत गेलं तर दहा-पंधरा मिनिटं आत मिळतात. ती मिळवावीत.

दिवस दहावा: हामरफेस्ट

जाताना पहाटे झोपेत गेलेलं हामरफेस्ट येताना दोन तास मिळतं. फुग्लेनेसला एक स्तंभ आहे: पृथ्वीचा आकार काढण्यासाठी १८१६ ते १८५५ दरम्यान इथपासून काळ्या समुद्रापर्यंत मोजलेल्या कंसाचं उत्तर टोक. त्याच काळात आपल्याकडे दक्षिणोत्तर कंस मोजला जात होता आणि तो मोजणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला, तिथेच त्याची कबर आहे. एकमेकांपासून इतकी दूरची ही दोन ठिकाणं एकाच प्रकारच्या कामाची आहेत.

हाविलावर मांडलेलं जेवण नाही. तिन्ही वेळा टेबलावर बसायचं, यादीतून लहान-लहान बश्या मागवायच्या. अन्न फुकट जाऊ नये म्हणून ही पद्धत ठेवली आहे. माणशी दिवसाला ७५ ग्रॅमच्या आत उष्टं, असं त्यांचं उद्दिष्ट. मासे खाणाऱ्याला इथे जास्त समाधान: बशी ताजी येते, भाग छोटा, चार प्रकार चाखता येतात. भुकेल्या माणसाने एकदम तीन मागवाव्यात, एकेक मागवत बसलं तर तास जातो. शाकाहाऱ्याला पर्याय आहेत, पण मोजके, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तेच पुन्हा येतात. माझं मत: घरात दोन शाकाहारी असतील तर हुर्टिग्रूटन, सगळे मासेखाऊ असतील तर हाविला. जेवणाबाहेरची कॉफी दोन्हीकडे विकत. दिवसातून तीनदा पिणाऱ्याने हुर्टिग्रूटनवर पुन्हा पुन्हा भरून मिळणारा पेला पहिल्याच दिवशी घ्यावा.

रात्री पावणेबाराला ट्रॉम्सो. आर्क्टिक कॅथीड्रलमध्ये मध्यरात्रीची मैफल असते, तिची जागा बोटीवर चढल्याबरोबर राखून ठेवावी.

दिवस अकरावा: वेस्टेरोलेन

एकेरीच जायचं असेल तर कोणती दिशा, हा प्रश्न कंपनीच्या प्रश्नाहून मोठा आहे, आणि त्याचं उत्तर या दिवसात आहे. उत्तरेकडे जाताना मोठ्या गावांत लांब थांबे मिळतात, पण वेस्टेरोलेन (लोफोटेनच्या उत्तरेची बेटं) रात्री जातं. दक्षिणेकडे येताना तेच भर दिवसा.

सकाळी अकराच्या सुमाराला रिसोयरेना: १९२२ मध्ये वाळू उपसून काढलेला उथळ कालवा. बोट खुणांच्या खांबांमधून पावलापावलाने जाते, दोन्ही बाजूंना पाणी पोपटी दिसतं. दुपारी स्टोकमार्कनेस, एक तास. इथल्या संग्रहालयात १९५६ ची ‘फिनमार्केन’ ही आख्खी बोट काचेच्या इमारतीत ठेवली आहे. धक्क्याला लागूनच असल्यामुळे चाळीस मिनिटं आत मिळतात. थेट जुन्या पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्यात जा, मग खाली खलाशांच्या खोल्यांत. तो फरक पाहून वर आलं की बाहेर उभी असलेली आजची बोट वेगळी दिसते.

मग राफ्टसुंड. दोन्ही बाजूंना हजार मीटरचे डोंगर आणि मधून वाकडी वाट. ट्रोलफ्योर्डच्या तोंडाशी बोट मंदावते, आत जात नाही. हिवाळ्यात कड्यांवरून बर्फ आणि दगड सुटतात आणि तोंड जेमतेम शंभर मीटरचं आहे. समुद्रगरुड दोनदा दिसले, मोठे, रुंद पंखांचे, पांढऱ्या शेपटीचे. इथे मात्र डेक पाचवरचा तो लाकडी रस्ता आठवला. काचेमागून दिसतं ते सुंदरच, पण गरुडाच्या मागे बाजू बदलत धावायला जुनी बोट बरी.

दिवस बारावा: हेल्गेलांड

सकाळी वर्तुळ पुन्हा ओलांडताना चमचाभर कॉड माशाचं तेल पाजण्याचा रिवाज या बोटींवर आहे. शाकाहाऱ्यांनी आधीच नाही म्हणावं, कुणी आग्रह करत नाही. दुपारी सात बहिणींचे डोंगर, एका ओळीत, सगळ्यात उंच १०७२ मीटर. मग ब्रोन्नोयसुंडनंतर टोर्गहाटेन: डोंगराच्या पोटातून आरपार गेलेलं भोक. बोटीवरून ते थोडाच वेळ दिसतं, कोन जुळतो तेवढाच. दुर्बीण असेल तर पलीकडचा आकाशाचा तुकडाही.

दिवस तेरावा आणि चौदावा

ट्रॉनहाइम सकाळी लवकर, कॅथीड्रल तेव्हा बंद. बेकरी उघडी असते, वेलचीचे गोळे गरम मिळतात. शेवटच्या रात्री पुन्हा स्टाड. बॅगा आदल्या संध्याकाळी भरून ठेवा, डोलत्या खोलीत वाकून भरायचं काम जड जातं.

पावणेतीनला बर्गेन. त्याच संध्याकाळचं विमान घेऊ नका. वारा असला की बोट तासाभराने मागे पडते आणि सामान धक्क्यावर यायला आणखी वेळ लागतो. ‘कास्तोर’मधून आधी पावाचे रिकामे क्रेट उतरले, मग बॅगा, आणि लगेच बटाट्यांच्या गोण्या चढायला लागल्या. रात्री साडेआठला तीच बोट पुन्हा उत्तरेकडे निघणार होती.